तिसऱ्या रांगेपर्यंत

गाडी चालू आहे, असं शोरूमच्या त्या मुलीनं सांगितलं तेव्हा तिला आधी खरंच वाटलं नाही. ती पुढच्या सीटवर बसली होती, दार लावलेलं होतं, काचेवर शोरूमच्या छतातले दिवे ओळीनं पडले होते, आणि मघापासून यातलं काहीच बदललं नव्हतं. "चालू आहे?" तिनं विचारलं. "कधीची," मुलगी म्हणाली. मुलीच्या गळ्यात निळा रुमाल होता आणि हे वाक्य रोज दहा जणांना ऐकवून तिला त्याची मजा वाटत असावी. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला नवरा हसला. तिला मात्र जरा लागलं. वीस वर्षं लोकांचे कान तपासून पोट भरणारी बाई ती. दवाखान्यातल्या जाड दाराच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून एकेक बारीक स्वर सोडत बसायचं. ऐकू आला की दाबा. नाही आला तर नका दाबू, इथं कुणी नापास करत नाही. हे ती इतक्या वेळा बोलली होती की झोपेतसुद्धा बोलायची, असं नवरा चिडवायचा. त्या खोलीत पहिल्यांदा बसणारा माणूस दचकतोच, कारण बाहेरचं सगळं थांबतं आणि त्याला स्वतःचा घास गिळलेला ऐकू येतो. आज तसंच काहीसं तिचं झालं. तिनं आवंढा गिळला आणि तो तिला ऐकू आला.

गाडी घ्यायचं खूळ नवऱ्याचं नव्हतं आणि तिचंही नव्हतं, ते माणसांच्या संख्येतून आलं होतं. घरात सहा माणसं आणि गाडी पाचांची. नवरा-बायको, दोन मुली, नवऱ्याचे वडील आणि तिची आई. कुठंही जायचं म्हटलं की कुणीतरी एक घरी राहायचं, आणि राहणारं माणूस आपल्याला काही हौस नाही हे असं दाखवायचं, की जाणाऱ्यांचा निम्मा आनंद तिथंच संपायचा. म्हणून मग तीन रांगांची गाडी, आणि घ्यायचीच तर विजेवरची. नवरा पुलांची तपासणी करायचा. छोट्या हातोडीनं काँक्रीट ठोकून आतून ते पोकळ वाजतंय का, हे ऐकत फिरणं हा त्याचा धंदा. त्यानं या कामातही हातोडी काढली. चार शनिवार तो वही आणि टेप घेऊन शोरूम पालथी घालत होता. तिसऱ्या रांगेत गुडघे किती वर येतात, बॅटरी तळाशी असल्यामुळे पाय ठेवायची जागा किती उंच झाली आहे, मधली सीट पुढे सरकवल्यावर माणसाला मागं शिरायला किती जागा उरते, मधे दोन सुट्या खुर्च्या घेतल्या तर सहा आणि सलग बाक घेतला तर सात. आणि एका चार्जिंगमध्ये दादाच्या गावाला जाऊन परत येता येईल का, हे त्यानं वहीत सगळ्यात वर लिहिलं होतं. दादा म्हणजे तिचा भाऊ. चार तासांवर राहायचा. त्याच्या घरात एक खोली रिकामी होती. वहीतलं ते सगळ्यात वरचं वाक्य तिनं पाहिलं तेव्हा ती काही बोलली नाही, आणि नवराही काही बोलला नाही, कारण ज्याच्याबद्दल ते होतं ते घरात बोलायचं नाही हे दोघांनी न ठरवता ठरवलं होतं.

ते बोलायची जागा वेगळी होती. जुन्या डिझेल गाडीच्या पुढच्या दोन सीटा. बारा वर्षांची ती गाडी सुरू झाली की घराच्या काचा थरथरायच्या, आणि चौथ्या गिअरमध्ये पडली की मागच्यांशी बोलायला ओरडावं लागायचं. घरात दोघांना कोपरा असा उरलाच नव्हता. आईनं मुलींची खोली घेतली तेव्हा थोरली बाहेरच्या खोलीत आली, तिच्या परीक्षा, तिचा दिवा, स्वयंपाकघरात सासरे पेपर घेऊन, आणि झोपायच्या खोलीची भिंत पुठ्ठ्याची असल्यासारखी. तेव्हा बोलायचं ते गाडीत. मागं दोन म्हातारी आणि एखादी पोर, पुढं ही दोघं, आणि मधे इंजिनाची भिंत. त्या भिंतीच्या अलीकडे बसून ती दोन वर्षं एकच वाक्य बोलत होती. आईला दादाकडे पाठवूया, मला आता होत नाही. या आठवड्यात फोन करते. नवरा म्हणायचा, "बघ." त्याचे वडील चौदा वर्षं घरात होते, तो आणखी काय म्हणणार? आणि ती फोन करायची नाही. बोलून मोकळी व्हायची, घरी येऊन आईच्या पायाला तेल लावायची, आणि पुढच्या फेरीला परत तेच. आई खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा आठवड्यांसाठी आली होती. सहा आठवड्यांची दोन वर्षं झाली, आणि यात कुणाचीच काही चूक नव्हती, म्हणूनच ते कुणाला धड सांगता येत नव्हतं.

"आम्ही कुणी बरोबर येत नाही हं," निळ्या रुमालाची मुलगी खिडकीशी वाकून म्हणाली. "घरच्यांना घरच्यासारखं बोलता यावं म्हणून. वीस मिनिटांचा रस्ता आहे, नकाशात टाकलाय. आजी, मागं नीट बसलात?" आई मागं म्हणजे अगदी मागं, तिसऱ्या रांगेत बसली होती. खुब्यात सळई असलेली बाई मधली खुर्ची सरकवून त्या फटीतून आत चढली होती, कुणाचा हात न घेता. व्याह्यांचे पाय लांब आहेत, त्यांना मधे बसू द्या, मला मागंच बरं वाटतं, असं म्हणून. सासरे मधल्या रांगेत, नवऱ्याच्या पाठीमागं. गाडीत बसल्यावर ते डोळे मिटायचे आणि उतरायची वेळ झाली की उघडायचे. मुली पोहण्याच्या वर्गाला गेल्या होत्या.

गाडी बाहेर पडली. म्हणजे शोरूमच मागं गेलं असं वाटलं. उन्हात धुतल्यासारखा रस्ता होता, दुतर्फा झाडं, त्यांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या आणि कशालाच आवाज नव्हता. कुत्रं भुंकताना दिसलं, भुंकणं आलं नाही. एक बाई सायकल धरून कुणावर तरी चिडली होती, तिचे ओठ हलत होते. खाली चाकांचा एक मऊ सूर होता, पण तो इतका सपाट होता की थोड्या वेळानं तो बाहेर आहे की आपल्या डोक्यात, हे तिला कळेना. लहानपणी ती अशीच जायची. वडिलांची माल पोचवायची गाडी होती आणि सुट्टीत तिला मागं खोक्यांमध्ये गोधडी टाकून झोपवायचे. पुढं आई आणि वडील. त्यांची डोकी दिसायची, मधेच एक डोकं दुसऱ्याकडे वळायचं, काहीतरी बोलणं चालायचं, आणि ते शब्द होऊन तिच्यापर्यंत यायचंच नाही, नुसती गुणगुण यायची. त्या गुणगुणीवर ती झोपायची. ते आपल्याबद्दलच बोलतायत अशी तिची खात्री असायची, आणि ते चांगलंच असणार अशीही. वडील गेल्यावर एकदा तिनं आईला विचारलं होतं, तुम्ही दोघं पुढं बसून काय बोलायचात गं एवढं? आई म्हणाली, "कुठं काय? रस्ता बघायचो." त्या उत्तराचा तिला तेव्हा राग आला होता. आता या सीटवर पाठ टेकून, पोटऱ्यांना गार वारा लागत असताना, तिला वाटलं की पुढच्या सीटवरच्या माणसानं मागच्याला दुसरं काय सांगायचं असतं? अंग सैल पडत गेलं. दुपार अशीच पुढं चालत राहावी, कुणी कुठं उतरू नये. आणि अंग सैल झालं की तिच्या तोंडून जे यायचं तेच आलं. बारा वर्षांची सवय. पुढची सीट, डावीकडे सरकणारी झाडं, शेजारी नवरा.

"मी उद्या दादाला फोन करते," ती म्हणाली. "खरंच आता होत नाही रे. संध्याकाळी घरी येते आणि दारात ती खुर्ची टाकून बसलेली दिसते ना, की तसंच मागं फिरून दवाखान्यात जाऊन बसावंसं वाटतं. आलीस, म्हणते. दिसतंय की आले ते."

नवऱ्यानं "बघ" म्हटलं नाही. तो एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या मनगटावर ठेवून राहिला, आणि त्याची नजर वरच्या आरशात गेली. तेव्हा तिला आपलं वाक्य ऐकू आलं. बोलताना नव्हे, बोलून झाल्यावर, त्या जाड दाराच्या खोलीत येतं तसं, प्रत्येक अक्षर सुटं. तिनं आरशात बघितलं नाही. हिशेब मात्र तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तो थांबवणं तिच्या हातात नव्हतं. आईचे कान तिनं स्वतः तपासले होते. चाळीस डेसिबलच्या वरचं आईला ऐकू यायचं, गोंगाट असला की सगळा काला व्हायचा. कानाचं यंत्र दिलं होतं ते आईनं कपाटात कापसात गुंडाळून ठेवलं होतं, दागिन्यासारखं. तिचं आत्ताचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पन्नासनं तरी पोचलं असणार, आणि गाडीचा आवाज त्याच्या कितीतरी खाली. शंकेला जागाच नव्हती. हजारो घरांतल्या माणसांना तिनं बजावलं होतं, आजोबा बहिरे नाहीत हो, टीव्ही बंद करून बोला, शांततेत त्यांना सगळं ऐकू येतं. हवं तर घरी तसा फलकच लावा, असंसुद्धा म्हणायची. दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर तिनं त्याला समजावून सांगितलं असतं. ती स्वतः तर डिझेलच्या भिंतीला इतकी सरावली होती की भिंत पडली तरी टेकायला गेली.

एवढं झालं तरी गाडी तशीच तरंगत होती, हे तिला फार विचित्र वाटलं. असं काही झालं की काहीतरी करकचून थांबायला हवं. इथं काहीच थांबलं नाही. नाला गेला, एक शाळा गेली, शाळेच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. तिच्या मनात उत्तरं तयार होऊ लागली. आई, मी गमतीनं म्हणाले. आई, मी दवाखान्यातल्या एका बाईबद्दल बोलत होते. चाळिशी उलटलेल्या बाईला सुचावीत अशी ही उत्तरं नव्हती. फुलदाणी फुटल्यावर मुलं देतात तसली होती. तिला आठवलं, आई आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे खालच्या फळीवर आले होते, कारण आईचा हात वर पोचत नव्हता. तिनं एका रविवारी ते परत वर लावले. सोमवारी परत खाली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. दोन वर्षं डबे वर-खाली होत होते आणि दोघी एकमेकींना चहा करून देत होत्या.

शोरूमच्या दारात निळा रुमाल वाट बघत उभा होता. "कशी वाटली? आजी, मागं त्रास नाही ना झाला? बरेच जण म्हणतात तिसरी रांग मुलांसाठीच ठीक आहे म्हणून विचारते."

"चांगली आहे," आई म्हणाली. "गुडघे जरा वर येतात. पण चांगली आहे." आणि उतरायला ती पुढं झालीच नाही. "अजून एक फेरी चालेल का गं बाळ? एका फेरीत काय कळतंय."

"हवं तेवढं फिरा, आजी."

"तू मागं ये," आई तिला म्हणाली. "एकटीला इथं पट्टा लागत नाही."

पट्टा लागलेला होता. तिनं दार उघडलं, मधली रिकामी खुर्ची सरकवली आणि आईनं जसं अंग चोरलं होतं तसंच अंग चोरून आत शिरली. गुडघे खरंच वर येत होते. नवऱ्याच्या वहीत हा आकडा होता, पण आकड्यात हे आलं नव्हतं की इथं बसलं की माणूस आपोआप लहान होऊन बसतो. पुढं नवऱ्याचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे सासऱ्यांचं, थोडं एका बाजूला कललेलं. ते बहुधा पहिल्या फेरीतच झोपले होते आणि त्यांना कुणी उठवलं नव्हतं. परत झाडं सुरू झाली. आई खिडकीतून बाहेर बघत होती. लेकीला वाटू लागलं की कदाचित आपले डेसिबलचे आकडे चुकले असतील, कदाचित आई खरंच पट्ट्यासाठीच म्हणाली असेल. मग आई तशीच बाहेर बघत म्हणाली, "दारात मी तुझ्यासाठी नाही बसत. तिथं वारा येतो."

तिनं आपला पट्टा ओढून लावला.

"आणि दादाला तू फोन करू नकोस. मी केलाय. महिना झाला."

"काय सांगितलंस?"

"येते म्हटलं. तो म्हणाला कधी. म्हटलं सांगते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून." आई आता तिच्याकडे वळली. इतक्या जवळून तिनं आईचा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एकच केस पांढरा नव्हता, काळा होता. "किती दमलेली असतेस तू. दमलेल्या माणसाच्या घरात नुसतं बसायचं म्हटलं तरी दमायला होतं गं. मला पण नाही होत आता."

हे आपल्याला हवंच होतं, हे तिला समजत होतं. दोन वर्षांचं घोडं जिथं अडलं होतं तिथून ते आपणहून पुढं निघालं होतं. जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी तिला असं लागलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. आईला आपल्याकडे राहायचं नाही. जिला पाठवायचं म्हणून आपण दोन वर्षं रडत होतो ती निघाली, तर आपल्यालाच कुणी गोधडीतून उचलून रस्त्यात ठेवल्यासारखं का वाटावं? मी काय कमी केलं, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं. ते तिनं गिळलं, आणि ते गिळलेलं दोघींनाही ऐकू गेलं असणार. मग ती आवाज न बदलता, नवऱ्याशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "आई, तू गेलीस तर मला बरं वाटेल."

"हं."

"आणि मग त्या बरं वाटण्याचाच त्रास होईल."

"होऊ दे," आई म्हणाली. "थोडे दिवस होईल." तिनं लेकीचा हात घेतला, उलटा करून तळवा बघितला, जसं लहानपणी खेळून आल्यावर काही लागलंय का बघायची, आणि काही न सांगता परत तिच्या मांडीवर ठेवून दिला. "गाडी मात्र मोठीच घ्या. मला अधूनमधून न्यायला याल तेव्हा सगळे या. कुणाला घरी ठेवू नका."

तिला रडू आलं. फार नाही. या गाडीत नाक ओढलं तरी पुढं कळेल म्हणून तिनं तोंडानं श्वास घेतला. बाहेर एक मोठं मैदान आलं, त्याच्या पलीकडे पाणी होतं, आणि पाण्यावरचा प्रकाश गाडीच्या छतावर हलू लागला. नवरा बोलत नव्हता. त्यानं वेग कमी केला होता आणि त्याची मान जरा जास्तच ताठ होती, म्हणजे त्यालाही सगळं पोचलं होतं. आता एवढं झाल्यावर काही लपवायचं उरलं नव्हतं, आणि ते इतकं हलकं वाटत होतं की तिला वाटलं आपण मागं बसलोय हेच बरं झालं, इथून सगळे दिसतात. तेवढ्यात मधल्या रांगेतलं डोकं सरळ झालं.

"आणि माझं?" सासऱ्यांनी विचारलं. ते मागं वळले नाहीत.

"तुमचं काय, बाबा?" नवरा म्हणाला.

"या गाडीतलं सोड. आपल्या गाडीतसुद्धा मला ऐकू यायचं. मी तुझ्या पाठीशीच बसतो ना. मोठ्यानं बोलता तुम्ही दोघं, इंजिन असतं म्हणून." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुकानात आपला नंबर आला का विचारावं तसं ते विचारत होते. "दोन वर्षं ऐकतोय. विहीणबाईंचं सगळं ऐकलं. मुलींच्या शाळेचं ऐकलं. तुझ्या त्या साहेबाचं ऐकलं. दर वेळी वाटायचं, आता माझं निघेल. एकदाही नाही निघालं."

"तुमच्याबद्दल आम्ही काहीच बोलत नाही, बाबा," नवरा म्हणाला. "खरंच."

ते खरंच होतं. आठवायचा तिनं प्रयत्न केला. दोन वर्षांतलं एक वाक्य, निदान एक चिडलेलं. ते घरात होते, पेपर वाचत होते, सांगितलं की जेवायला बसत होते, डोळे मिटून गाडीत बसत होते. त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं आणि त्यांच्यामुळेही काही अडलं नव्हतं. त्यांची मान मागून तिनं आज पहिल्यांदा पाहिली. शर्टाची कॉलर उसवली होती आणि ती कुणीतरी जाड दोऱ्यानं, वाकड्यातिकड्या टाक्यांनी शिवली होती. घरात तसे टाके घालणारं कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच घातले असणार.

ती पट्टा ताणून पुढं वाकली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कुठं जायचंय का?"

"नाही," ते म्हणाले. "पण विचारायचं तरी."